बाळूस, दिवाळीच्या सुट्टीत

सातारा,
वसुबारस

बाळू,

काल रात्री उशिरा तुझ्या आईचा कोइमतूरहून फोन आला होता. तू तिच्याशी बोलत नाहीस म्हणाली. फोन वाजला की आज्जीच्या हातात देतोस आणि परड्यात निघून जातोस. यंदा किल्ला करायचा नाही, नवे कपडे नकोत, असं आज्जीला सांगून ठेवलंयस म्हणे. आई रडत होती. मी तिला रडू दिलं, मग दोन गोष्टी सांगितल्या. त्या कोणत्या ते पुढं लिहिते. आधी तुझ्याशी बोलायचं आहे, कारण सगळं ठरवताना ज्याला कुणी विचारलं नाही असा तूच.

तुझा राग मला कळतो. तो चुकीचा आहे असं मला वाटत नाही. गल्लीत पुण्या-मुंबईच्या गाड्या येऊन लागल्यात, शेजारच्या पोराचा बाप शिडीवर चढून आकाशकंदील बांधतोय, आणि तुझ्या घरात तू आणि आज्जी. अशा वेळी तुला काहीच वाटलं नसतं तर मला जास्त काळजी वाटली असती. तेव्हा राग गिळ, शहाण्यासारखा वाग, असं मी सांगणार नाही. तो राग कुणाला सांगायचा आणि कसा, हे मात्र मला तुला सांगायचं आहे.

त्याआधी तुझ्या पाठीवरचं एक ओझं उतरवू दे. येता-जाता तुला माणसं ऐकवत असणार, ‘आईबाप तुझ्यासाठीच एवढ्या लांब जाऊन राबतायत बाबा, त्यांची आठवण ठेव, नीट शीक.’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते. पण ऐकणाऱ्या पोराच्या मनात काय होतं, ते मी शाळेत इतकी वर्षं शिकवताना पाहिलंय. पोराला वाटतं, मी नसतो तर आईबाप घरी राहिले असते. मग मार्क कमी पडले तरी त्याला चोरी केल्यासारखं वाटतं, आणि आईची आठवण येते हे सांगायचीही लाज वाटते. बाळू, तुझे आईबाप तुझ्यामुळं लांब गेलेले नाहीत. तुझ्या फीचे, कपड्यांचे पैसे त्यातून येतात हे खरं. पण तुमच्या घरातली माणसं तू जन्मायच्या कितीतरी आधीपासून बाहेर जातायत.

का जातायत, ते भूगोलाच्या पुस्तकात आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला निघालं की डोंगर सरतात, ढगही सरतात, आणि माण, खटाव, खानापूर, आटपाडीकडं पोचेपर्यंत जेमतेम ५०० मिलिमीटर उरतो. कधी तोही नाही. माझा सातारा आणि तुझी सांगली हे १९४९ पर्यंत एकाच जिल्ह्यात होते. जिल्हा वेगळा झाला, दुष्काळ मात्र दोघांकडं सारखाच राहिला. १९७२ साली तर माणसं रोजगार हमीवर खडी फोडत होती आणि पोरं सुकडी खाऊन दिवस काढत होती. तुझे आजोबा त्याच दुष्काळानंतर पाव्हण्यांच्या मागोमाग गलाईला, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करायच्या धंद्याला, बाहेर पडले. त्यांच्यासारखे खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, माण, खटावमधले हजारो जण काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पसरले. जिथं सराफकट्टा, तिथं आपल्या भागातला एखादा गलाईवाला असणारच. ज्यांच्या रानात कुसळं उगवत होती त्यांनी देशभरातलं सोनं शुद्ध करून दिलं, याचा मला अभिमान वाटतो. तुलाही वाटू दे. पण अभिमान वाटला म्हणून आठवण कमी यायला पाहिजे, असं काही नाही.

तू विचारशील, आता टेंभू योजनेचं पाणी आलं, द्राक्षं-डाळिंबं आली, मग का येत नाहीत? योजनेला मंजुरी मिळाली १९९६ ला. कऱ्हाडजवळून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून तुमच्याकडं आणायला पुढं कैक वर्षं गेली. तोवर तुझ्या वडिलांचं दुकान तिकडं उभं राहिलं, गिऱ्हाईक बांधलं गेलं, दुकानाचं कर्जही झालं. माणूस एकदा कुठं रुजला की गावाला पाणी आलं म्हणून लगेच उठून येता येत नाही. तुझे वडील येतील की नाही, मला माहीत नाही. खोटी आशा मी तुला लावणार नाही.

आणि दिवाळीलाच का येत नाहीत, याचं उत्तर तर त्यांच्या धंद्यातच आहे. उद्या धनत्रयोदशी. देशभर लोक उद्या सोनं घेणार. सराफांकडं महिनाभर आधीपासून जुने दागिने मोडीला येतात. ते आटवायचे, टंच काढायचा, तेजाबात उकळून चांदी-तांबं वेगळं करायचं आणि शुद्ध सोन्याची लगड सराफाच्या हातात द्यायची, हे काम तुझ्या वडिलांचं. गावाला सुट्टी असते तेव्हाच त्यांची भट्टी रात्री बारापर्यंत पेटलेली असते. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, मग पुन्हा तेच. दिवाळीला दुकान बंद ठेवलं तर सराफ शेजारच्याकडं जातो आणि वर्षभर तिकडंच राहतो. म्हणून ही मंडळी उन्हाळ्यात येतात, चैत्रात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेला येतात. तुझ्या गावाचं वर्ष दिवाळीला भरतं आणि त्यांचं चैत्रात, हे तुझ्या वाट्याला आलेलं सगळ्यात अवघड गणित आहे.

आता तू मोठ्यानं न विचारलेला प्रश्न. ‘बहिणीला नेलं, मला का ठेवलं?’ आज्जीनं मला सांगितलं, तू झोपेत बडबडलास म्हणून. तुझी बहीण लहान आहे, तिला शाळा नाही. तू पाचवीत गेलास तेव्हा तिथल्या शाळेत तमिळ नाहीतर इंग्रजी, आणि तुला दोन्ही येत नव्हतं. शिवाय ते राहतात दुकानाच्या माडीवर. तेजाब तापलं की तांबूस-पिवळा धूर निघतो, तो छातीला फार वाईट. तुला लहानपणी दम लागायचा, हे तुला आठवत नसेल. आईनं तुला गावी ठेवायचं ठरवलं तेव्हा ती पंधरा दिवस नीट जेवली नव्हती. ही कारणं खरी आहेत. पण कारण खरं असलं तरी ते तुला कुणीतरी समोर बसून सांगायला हवं होतं, आणि ते सांगायचं काम आईवडिलांचं होतं. म्हणून तू हा प्रश्न त्यांनाच विचार. फोन आज्जीकडं देऊन परड्यात जाऊ नकोस. फोन हातात घे आणि विचार, ‘मला का ठेवलं? तिला का नेलं?’ आवाज चढला तर चढू दे. रडू आलं तर येऊ दे. आईला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नकोस. तुझ्या गप्प बसण्यानं तिला त्याहून जास्त वाईट वाटतंय, आणि तुला काय हवंय ते तिला कळतही नाही.

मी हे पुस्तकात वाचून लिहीत नाही. तुझी आई आणि मी, आम्ही दोघी अशाच वाढलो. आमचे वडील, तुझे आजोळचे आजोबा, मुंबईला गिरणीत होते. सातारा आणि कोकणातल्या कितीतरी घरांतले बाप तेव्हा परळ-लालबागच्या खोल्यांत पाळीपाळीनं झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि गावाकडं मनीऑर्डर पाठवायचे. पोस्टमन आला की घरात तेवढा दिवस सण असायचा. वडील यात्रेला यायचे, मे महिन्यात यायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा ते घरी आले. आम्ही ज्यांची रोज वाट बघायचो ते वडील रोज दारात बसलेले दिसायला लागले. मला वाटलं होतं आता किती मजा येईल. पण ते बोलायचे नाहीत. हातात काम नाही, दुकानात उधारी, आणि गिरणी परत सुरू होईल का याचं उत्तर कुणाकडं नाही. पुढं ते माथाडीत लागले आणि परत मुंबईला गेले, तेव्हा घरानं श्वास सोडला. मी मात्र त्यांच्यावर वर्षानुवर्षं रागावून होते. तो राग मी त्यांना कधी सांगितला नाही. घरात तशी पद्धतच नव्हती. तुझी आई धाकटी असूनही तिनं सांगितलं, एकदा त्यांच्या पिशवीला धरून दारात उभी राहिली आणि ‘जाऊ देणार नाही’ म्हणून ओरडली. त्यानंतर ते तिच्या नावानं वेगळं पत्र पाठवायला लागले. आज तू रागावलायस ते अशा बाईवर, जिला हा राग आतून ठाऊक आहे. म्हणून तिला विचार. तिच्याकडं उत्तर आहे.

तुला धीर यावा म्हणून लोक ऊसतोड कामगारांच्या पोरांकडं बोट दाखवतील. ‘बघ, ती कोप्यांत राहतात, त्यांच्यापेक्षा तुझं बरं.’ दुसऱ्याचं जास्त दुखतंय म्हणून आपलं दुखायचं थांबत नाही. पण त्या पोरांकडं जरूर बघ, वेगळ्या कारणासाठी. दिवाळी झाली की बीडकडून, तुमच्याच जतकडून टोळ्या निघतील आणि कारखान्यांच्या आसपास कोप्या पडतील. त्यातली काही पोरं आईबापांसोबत येतात आणि त्यांची शाळा बुडते. काही गावीच आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात आणि त्यांची शाळा टिकते, पण आईबाप पाच-सहा महिने दिसत नाहीत. सोबत नेलं तर एक जातं, मागं ठेवलं तर दुसरं जातं. तुझ्या आईवडिलांसमोर हाच पेच होता. त्यांनी चूक केली की बरोबर, हे मोठा झालास की तू ठरव. आज तुला ठरवायची घाई नाही.

शाळेतली आणखी एक आठवण सांगते. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. तिथं घराघरात फौजी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. फौजी घरातली एक मुलगी माझ्या वर्गात होती. वडील सुट्टीवर येणार म्हणून ती महिनाभर दिवस मोजायची. आणि ते आले की पहिले दोन-तीन दिवस त्यांच्यासमोर जायचीच नाही, स्वयंपाकघरात लपायची. तिला वाटायचं आपलंच काहीतरी बिघडलंय. तसं नसतं. लांब राहिलेल्या माणसाची परत सवय व्हायला वेळ लागतो, लहानांना आणि मोठ्यांनाही. चैत्रात आई आली की तुझंही असं होईल. जवळ जावंसं वाटेल आणि जाता येणार नाही. तेव्हा घाबरू नकोस. एक-दोन दिवस जाऊ देत.

तू आईशी बोलू लागलास की काय बोलशील? बहुतेक पोरं ‘जेवलास का? जेवलो. अभ्यास केला का? केला’ एवढ्यावर फोन ठेवतात. त्यात कुणालाच काही मिळत नाही. तू एक वही कर. दिवसभरात जे घडेल त्यातल्या बारीक गोष्टी लिही: शेळी कुठं अडकली, क्रिकेटमध्ये कुणी रडीचा डाव खेळला, आज्जीचा चष्मा कुठं सापडला. फोन आला की त्यातलं वाचून दाखव. आईला तुझ्या मार्कांपेक्षा याची जास्त भूक आहे. मार्क तिला शाळेतूनही कळतात. शेळीची गोष्ट फक्त तुझ्याकडून कळेल. आणि तिलाही असंच विचार. आज कसलं सोनं आलं, माडीवर पाऊस गळतो का, बहीण तमिळ बोलायला लागली का. तुझ्या डोक्यातलं त्यांचं घर हळूहळू खरं होत जाईल.

किल्ला कर. आईबाप नाहीत म्हणून किल्ला नाही, हा हट्ट सोड. त्यानं तुझीच सुट्टी जाते. तुझ्या तालुक्यातच बाणूरचा भूपाळगड आहे, बहिर्जी नाईकांची समाधी तिथं आहे. दरवर्षी सगळे प्रतापगड करतात. तू भूपाळगड कर. तो गड वडिलांनी तुला दाखवलाय, त्यांना फोनवर विचारत विचारत तो उभा कर: दरवाजा कुठल्या अंगाला, तळं कुठं, समाधी कुठं. वडिलांना गप्पा मारता येत नाहीत, पण गडाविषयी विचारलंस की ते अर्धा तास बोलतील. तुमच्या गल्लीत आणखीही दोन-तीन घरांतले आईबाप बाहेर आहेत. त्या पोरांना सोबत घे.

हे सोबत घेणं आपल्याकडं नवीन नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे भाऊराव पाटील यांनी १९२४ साली इथं साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची, गरीब घरची पोरं, आईबापांपासून लांब. ती एकत्र राहिली, आपली कामं आपण केली, एकाच पंगतीत जेवली. एकदा पोरांना खायला घालायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं. तिथल्या पोरांना आईची आठवण येत नव्हती असं कोण म्हणेल? पण रात्री आठवण आली तर शेजारच्या चटईवरच्या पोरालाही तीच येत असायची. तुझ्या गल्लीतल्या त्या पोरांशी आधी तू बोल. ‘तुला पण असं होतं का?’ एवढंच विचारलंस तरी पुरे. आणि त्यांच्यातलं कुणी घरात खरंच एकटं पडलं असेल, कुणी मारत असेल, जेवणाची आबाळ असेल, तर आज्जीला नाहीतर तुझ्या सरांना सांग. १०९८ हा नंबर लहान मुलांसाठीच आहे, कुठल्याही फोनवरून फुकट लागतो. तो पाठ करून ठेव.

आता आज्जी. लोक तुला म्हणत असतील, ‘आता घरातला कर्ता पुरुष तूच.’ ते मनावर घेऊ नकोस. तू तेरा वर्षांचा आहेस. कर्तेपणा आज्जी सांभाळते आणि तुझे वडील सांभाळतात. पण आज्जीचं एक लक्षात घे. तू आईची वाट बघतोस तशी ती तिच्या मुलाची वाट बघते, आणि तिचं तर कुणी विचारतही नाही. चतुर्दशीला पहाटे तिनं उठवलं की ऊठ. तिचे हात आता दुखतात, तरी ती तुला तेल-उटणं लावणार. तिला पाणी तापवून दे. तिच्या शेजारी बसून वडील लहानपणी कसे होते ते विचार. तिच्याकडं सांगण्यासारखं खूप आहे आणि ऐकायला घरात तूच आहेस. एखाद्या संध्याकाळी दोघांनाही रडू आलं तर दोघं रडा. त्यात काही बिघडत नाही.

तुझ्या आईला मी काय सांगितलं ते लिहायचं राहिलं. पहिलं हे, की ‘येतो, बघू’ म्हणायचं नाही. ‘बघू’ या उत्तरावर पोरानं आठ-आठ महिने काढायचे, हे मला पटत नाही. चैत्राची तिकिटं काढायची आणि तारीख तुला सांगायची. ती तारीख पाळता येईल अशीच सांगायची. दुसरं हे, की रात्री दुकान बंद झाल्यावर फोन करायचा नाही, तेव्हा तू पेंगुळलेला असतोस आणि ते दमलेले. सकाळी भट्टी पेटवायच्या आधी करायचा, आणि तू रागावून बोललास तर मध्ये तोडायचं नाही, ‘तुझ्यासाठीच करतोय’ म्हणायचं नाही, फक्त ऐकायचं. तिनं कबूल केलंय. वडिलांनाही सांगते म्हणाली. परवा सकाळी फोन येईल, तो तूच उचल.

भाऊबीजेला बहीण तिकडं आणि तू इकडं. त्या दिवशी फोनवर व्हिडिओ लावून ती तुला ओवाळणार आहे, आईनं तिला आत्तापासून शिकवून ठेवलंय. ओवाळणी काय घालायची ते तू ठरव, पैसे मी देते.

घरी सासूबाई आजारी आहेत, त्यामुळं लक्ष्मीपूजनापर्यंत मला निघता येत नाही. फराळाचा डबा आणि हे पत्र उद्या विट्याच्या एसटीनं येणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांच्या हाती देते. बेसनाचे लाडू आज्जीसाठी मऊ केलेत, चकल्या तुझ्या. भाऊबीज झाली की मी येते आणि शाळा उघडेपर्यंत तुम्हा दोघांना इकडं घेऊन येते. आज्जी ‘शेळ्यांचं कोण बघणार’ म्हणेल. शेजारच्या काकूंना आत्ताच विचारून ठेव, आणि आज्जीच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्यात ते बघून मला कळव.

तुझी,
मावशी